दोन-चार मीटर पाण्याखाली चालेल असा स्वस्त टॉर्च कसा निवडावा

प्रश्न असा आहे: मालवण-तारकर्लीला स्नॉर्कलिंग करताना खडकांच्या कपारींत बघायला आणि एरवी तलावात संध्याकाळी पोहताना वापरायला टॉर्च हवा आहे. खोली दोन ते चार मीटर, बजेट दोन-अडीच हजार. ऑनलाइन 'आयपी६८, १०,००० ल्युमेन' असं लिहिलेले सहाशे-सातशे रुपयांचे टॉर्च दिसतात, ते चालतील का?

ते घेऊ नका. पण तुमच्या बजेटमध्ये काम नक्की भागेल. इतक्या उथळ पाण्यासाठी ल्युमेनचे, म्हणजे प्रकाशाचे, आकडे आणि 'शंभर मीटर खोल' वगैरे दावे बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट मोजा: टॉर्चच्या अंगात पाणी शिरू शकेल अशा जागा किती आहेत. काचेचा सांधा, सेल घालायचं झाकण, स्विच, चार्जिंगचं भोक, पुढेमागे सरकणारं झूमचं डोकं, अशी प्रत्येक जागा म्हणजे एक सील, आणि प्रत्येक सील कधी ना कधी दगा देणार. ज्या टॉर्चला अशा जागा सगळ्यात कमी, तो निम्म्या प्रकाशाचा असला तरी घ्यावा.

या हिशोबाने बाजारातला बराच माल पाच मिनिटांत बाद होतो. डोकं ओढून झोत लहान-मोठा करायचा झूम टॉर्च पहिला बाद. त्यातली सीलची गोल रबरी रिंग, म्हणजे ओ-रिंग, सतत घासली जाते आणि डोकं ओढताना आतली हवा पिचकारीसारखी बाहेरचं पाणी आत खेचते. रबरी झाकणाखाली यूएसबी चार्जिंगचं भोक असलेला टॉर्चही नको. ते झाकण पावसासाठी ठीक असतं. पाण्याखाली त्याचा एक कोपरा उचलला गेला की खारं पाणी थेट सर्किटवर. बाहेर दिसणाऱ्या दोन धातूच्या टोकांवर चुंबकाने चार्जर चिकटवायचा प्रकार त्याहून बरा, पण त्या टोकांत व्होल्टेज उघडं असेल तर समुद्राच्या पाण्यात ती झिजतात, हिरवी पडतात.

मग राहतो स्विच. इथे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण स्वस्त टॉर्चमध्ये पाणी शिरण्याची ही नेहमीची जागा. शेपटीला रबरी टोपीखाली बटण असेल, तर त्या टोपीवर पाण्याचा दाब येतो. दर दहा मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो असा तो वाढत जातो. १२ मिलिमीटर व्यासाच्या टोपीवर तीन मीटर खोलीला सुमारे ३४० ग्रॅम आणि दहा मीटरला एक किलोच्या थोडं वर भार पडतो. म्हणजे उथळ पाण्यात बटण आपोआप दाबलं जाण्याची भीती कमी. खरी अडचण तुम्ही बोटाने दाबता तेव्हा येते: टोपी वाकते, तिची कड आतल्या कड्यापासून सुटते आणि थेंबभर पाणी आत जातं. असाच टॉर्च हाती असेल तर बाहेर चालू करून पाण्यात जा आणि बाहेर येऊन, पुसूनच बंद करा.

डोकं पिळून चालू-बंद होणारे टॉर्च साधे आणि टिकाऊ असतात. त्यांना वेगळा स्विच नसल्याने एक सील कमी होतो. पण पाण्याखाली घाईत उलट्या दिशेने दोन आटे जास्त फिरले की डोकं सैल होतं आणि टॉर्च भरतो. असा टॉर्च घेताना दोन ओ-रिंग आहेत का ते बघा, आणि किती फिरवल्यावर बंद होतो ते हाताला आधीच माहीत करून द्या. सहसा अर्धा-पाऊण फेरा पुरतो.

तुमच्या कामासाठी योग्य तो चुंबकी स्विच. बाहेर सरकपट्टी किंवा फिरणारं कडं, त्यात छोटं चुंबक, आणि आत सीलबंद सेन्सर. अंगाला स्विचसाठी भोकच नसतं, त्यामुळे पाण्याखाली कितीही वेळा चालू-बंद करा. याची एक खोड मात्र कोकणात हमखास जाणवते. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत लोहखनिजाचे बारीक कण असतात, ते चुंबकाला चिकटतात आणि सरकपट्टी अडकते. टॉर्च वाळूत ठेवू नका. अडकलाच तर गोड्या पाण्याच्या धारेखाली पट्टी पुढेमागे करत जुन्या टूथब्रशने साफ करा. पट्टी स्क्रूने बसवलेली असेल तर काढून धुता येते. स्क्रूची भोकं अंगाच्या आरपार जात नसल्याने सीलला धोका नसतो. मनगटावर होकायंत्र असेल तर त्याच हातात असा टॉर्च धरू नये, सुई भरकटते.

आता ते आयपीचे, म्हणजे वस्तू धूळ-पाणी किती रोखते त्याचे, आकडे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं स्थिर ठेवून घेतलेली चाचणी. त्यातही पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसतो. प्रत्यक्षात टॉर्च होडीच्या फळीवर उन्हात ५० अंशांपर्यंत तापतो आणि तुम्ही तो २८ अंशांच्या पाण्यात घेऊन उडी मारता. आतली हवा एकदम गार होऊन तिचा दाब सुमारे सात टक्क्यांनी पडतो. सीलच्या दृष्टीने हे टॉर्च आणखी ७० सेंटिमीटर खोल नेल्यासारखंच. त्यात हात मारतानाचा, उडीचा, लाटेचा दाब वेगळा. म्हणून आयपीएक्स७ टॉर्च पोहण्यासाठी नाही. तो होडीत ठेवायला, पावसात न्यायला.

आयपीएक्स८ किंवा आयपी६८ यांचा अर्थ फक्त 'एक मीटर-३० मिनिटांपेक्षा कडक चाचणी' एवढाच. किती खोल आणि किती वेळ हे बनवणाऱ्याने ठरवून लिहायचं असतं. आकड्याबरोबर मीटर आणि मिनिटं लिहिलेली नसतील तर तो आकडा अर्धवट समजा. 'आयपीएक्स८, दोन मीटर' हा साधा ट्रेकिंगचा चांगला टॉर्च असतो, पण तो पाण्यात पडला तर वाचावा म्हणून तसा बनवलेला असतो, पाण्याखाली बटण दाबायला नव्हे. तुमची खोली चार मीटर असली तरी निदान ३० मीटरसाठी बनवलेला, म्हणजे डायव्हिंग टॉर्च म्हणूनच विकला जाणारा घ्या. एवढी सूट रिंग जुनी होणं, लाटांचा मार आणि तुमच्या हातून होणारी हयगय यांसाठी हवी.

१०,००० ल्युमेनच्या दाव्याचा हिशोब घरी करता येतो. एक चांगला १८६५० लिथियम सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, ३००० एमएएच क्षमतेचा असेल तर त्यात सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा असते. चांगला एलईडी एका वॅटला साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे १००० ल्युमेनला दहा वॅट, आणि सेल तासाभरात संपला. एक सेल, एक एलईडी आणि १०,००० ल्युमेन हे जुळतच नाही. जिथे हा आकडा छापला आहे तिथे खोलीचा आकडाही त्याच हाताने छापलेला असणार.

तुम्हाला खरं तर फार प्रकाश लागतही नाही. अंधारात, स्वच्छ पाण्यात दोन-चार मीटरसाठी १५० ते ३०० ल्युमेन पुरतात. जास्त असले तर प्रकाश पांढऱ्या वाळूवरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. दिवसा उलट असतं: वरून ऊन इतकं येतं की २०० ल्युमेनचा झोत दिसतच नाही, त्यामुळे कपारीत बघायला ५०० ते १००० ल्युमेन आणि अरुंद झोत हवा. दोन्ही कामांसाठी एकच टॉर्च म्हणून ८००-१००० ल्युमेनचा, प्रकाशाच्या दोन पायऱ्या असलेला घ्या आणि रात्री खालच्या पायरीवर वापरा. 'चार तास चालतो' हा आकडाही नीट वाचा. टॉर्चच्या प्रचलित एफएल१ मानकात प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात, त्यामुळे त्या चार तासांतले शेवटचे दोन-तीन तास मिणमिणते असू शकतात.

झोताची रुंदी ल्युमेनपेक्षा महत्त्वाची, आणि आपल्या किनाऱ्यावर तर फारच. कोकणात पाणी अंदमान किंवा लक्षद्वीपसारखं काचेसारखं नसतं. नद्या-खाड्यांचा गाळ, लाटांनी उठलेली वाळू, प्लवंग हे सगळं पाण्यात तरंगत असतं. रुंद झोत टाकलात तर प्रत्येक कण चमकतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. गाडीचे हेडलाइट धुक्यात अप्परवर टाकावेत तसं. यावर उपाय ६ ते १० अंशांचा अरुंद झोत. सपाट काचेतून पाण्यात शिरताना झोत आणखी आवळतो, हवेतला १० अंशांचा पाण्यात साडेसात होतो. १२० अंशांचे टॉर्च व्हिडिओसाठी असतात, तेही स्वच्छ पाण्यात. शिवाय टॉर्च मास्कच्या रेषेत धरू नका. हात बाजूला लांब करून तिरका झोत टाकला की कणांवरून परतणारा उजेड डोळ्यांत कमी येतो. देवबागला कर्ली नदीच्या मुखाजवळ असाल तर ओहोटीत खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं, तेव्हा हजार ल्युमेनही कामाचे नाहीत. भरती पूर्ण होत आली की उतरा.

रंगाच्या बाबतीत ५००० ते ६५०० केल्विनचा पांढरा प्रकाश ठीक. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं, चार-पाच मीटरवरच लाल शेवाळ किंवा स्पंज मळकट तपकिरी दिसू लागतात. टॉर्च मीटरभर अंतरावरून मारला की त्यांचा खरा रंग परत दिसतो. दिवसा टॉर्च नेण्याचं मला तरी हेच सगळ्यात चांगलं कारण वाटतं.

आता अडीच हजारांची वाटणी. चुंबकी स्विचचा, अ‍ॅल्युमिनियमचा, एका १८६५० सेलवर चालणारा साधा डायव्हिंग टॉर्च साधारण १००० ते १५०० रुपयांत मिळतो. भाव हलत असतात. चारशे-सहाशे रुपये चांगल्या सेलला, तेवढेच चार्जरला, आणि दीडशे-दोनशे सिलिकॉन ग्रीस आणि जादा ओ-रिंगांना ठेवा. टॉर्चबरोबर फुकट येणारा सेल आणि चार्जर वापरू नका. थोडं बजेट वाढवता आलं तर ऑर्काटॉर्च, सोफिर्न किंवा डेकॅथलॉनच्या सुबियासारख्या नावाच्या मालाकडे बघा. तिथे खोलीचा आकडा कुणीतरी जबाबदारीने लिहिलेला असतो, आणि मुख्य म्हणजे ओ-रिंगचं माप विचारता येतं.

मुलांसाठी किंवा फक्त तलावासाठी हवा असेल तर माझा सल्ला वेगळा आहे: चार एए सेलवर चालणारा प्लास्टिकचा डायव्हिंग टॉर्च, त्यात रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल. प्रकाश कमी, पण गंजत नाही, आणि पाणी शिरलं तरी लिथियमइतका धोका नाही.

सेलबद्दल थोडं कडक सांगतो. १८६५० मध्ये बहुतेक खरे सेल ३५००-३६०० एमएएचपर्यंतचेच असतात. '९९०० एमएएच' लिहिलेला सेल बनावट, त्यावर चर्चाच नको. वजन करा: चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, बनावट बराच हलका असतो. संरक्षण सर्किट असलेला घ्या. तो ६८-७० मिलिमीटर लांब भरतो, त्यामुळे टॉर्चमध्ये बसतो का ते आधी विचारा. जबरदस्तीने झाकण आवळलं तर स्प्रिंग चेपते आणि झाकण पूर्ण न बसल्याने रिंग सीलवर येत नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर मल्टिमीटरवर ४.२ व्होल्ट दिसायला हवेत. ४.२५ च्या वर गेला तर चार्जर फेकून द्या. चार्जिंग लावून झोपू नका.

टॉर्च हाती आला की थेट समुद्रात नेऊ नका. आधी सेल न घालता तपासा. झाकण उघडून दोन्ही ओ-रिंग बघा: चिरा, चपटेपणा, जोडाची रेघ, खोबणीत राहिलेला धातूचा कीस. स्वस्त मालात हा कीस वरचेवर सापडतो आणि पहिल्याच वेळी रिंग कापतो. नंतर आत टिश्यू पेपरची कोरडी घडी घाला, झाकण बंद करा आणि टॉर्च हाताला सोसेल इतक्या कोमट, म्हणजे ४०-४५ अंशांच्या पाण्यात बुडवून दोन-तीन मिनिटं बघा. आतली हवा फुगते आणि सील जिथे कच्चा असेल तिथून बुडबुड्यांची माळ निघते. पृष्ठभागावर चिकटलेले सुटे बुडबुडे धरू नका, एकाच जागेहून पुन्हापुन्हा येतात ते खरे. बुडबुडे आले नाहीत तर पुढची पायरी: टॉर्चला दोरी आणि वजन बांधून विहिरीत किंवा तलावाच्या खोल टोकाला तीन-चार मीटरवर अर्धा तास सोडा. बादलीतली चाचणी म्हणजे जेमतेम ३० सेंटिमीटर, तिच्यावर विसंबू नका. वर काढून, पुसून, झाकण खाली धरून उघडा. टिश्यूचा एक कोपरा जरी ओला असला तरी परत करा, 'ग्रीस लावलं की बसेल' म्हणून ठेवून घेऊ नका.

ओ-रिंगला लागतं ते एवढंच. रिंग टाचणीने किंवा चाकूने काढायची नाही. दोन बोटांनी चिमटून सरकवली की फुगवटा येतो, तिथून प्लास्टिक कार्डाच्या कडेने उचला. रिंग आणि खोबणी धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. एक केस किंवा वाळूचा एक कण पाण्याला वाट द्यायला पुरेसा असतो. तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस बोटांत घेऊन रिंगवर फिरवा. रिंग चमकली पाहिजे, ग्रीसचा थर दिसता कामा नये, कारण जास्त ग्रीस वाळू धरून ठेवतं. सील ग्रीसने होत नाही, रबर दबल्याने होतो. व्हॅसलीन टाळा: काळी रिंग नायट्राइलची असेल तर ती सहन करते, पण काळी ईपीडीएम रबराची असली तर फुगते, आणि बघून फरक कळत नाही. रिंग लाल किंवा पारदर्शक असेल तर बहुधा सिलिकॉनची असते. तिला सिलिकॉन ग्रीसही चालत नाही, ती बदलून नायट्राइलची घाला. हायड्रॉलिक किंवा बेअरिंगच्या दुकानात जुनी रिंग नेऊन '७० शोअर नायट्राइल' मागा (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप). आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळली पाहिजेत. जाडीतला पाव मिलिमीटरचा फरकही महागात पडतो.

पाण्यात उतरताना टॉर्च मनगटाला दोरीने बांधलेला हवा. अ‍ॅल्युमिनियमचा टॉर्च सरळ तळाला जातो, आणि चार मीटरवरून तो शोधायला श्वास रोखून पुन्हापुन्हा बुडी मारणं धोक्याचं आहे. मोठ्या ल्युमेनचे डायव्हिंग टॉर्च पाण्याने गार राहतात, ते हवेत पूर्ण प्रकाशावर एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका.

अंधारात एकट्याने उतरायचं नाही, आणि जोडीतल्या प्रत्येकाकडे आपला टॉर्च हवा. खुणा आधी ठरवा: मोठं वर्तुळ म्हणजे ठीक आहे, आडवा झोत जोरजोरात हलवला म्हणजे लक्ष द्या, अडचण आहे. झोत कुणाच्या डोळ्यांवर मारू नका, अंधाराला सरावलेली नजर परत यायला बराच वेळ लागतो. रात्री पृष्ठभागाजवळ टॉर्च आडवा धरून राहू नका. टोळ मासे उजेडाकडे झेपावतात आणि त्यांची लांब चोच शरीरात घुसू शकते. झोत खाली तळाकडे ठेवा.

पाणी शिरलंच तर घाबरून लगेच झाकण फिरवू नका. खाऱ्या पाण्यात सेल शॉर्ट होऊन वायू तयार होतो आणि बंद टॉर्चमध्ये दाब साठतो. बाहेर या, टॉर्चची दोन्ही टोकं स्वतःपासून आणि इतरांपासून दूर वळवा, झाकण अगदी सावकाश सैल करा आणि फुस्स आवाज थांबेपर्यंत पुढचा आटा फिरवू नका. टॉर्च तापत असेल तर हात न लावता उघड्यावर, लोकांपासून लांब ठेवून द्या. भिजलेला लिथियम सेल वरून कोरडा दिसला तरी पुन्हा चार्ज करायचा नाही, ई-कचऱ्यात द्या. टॉर्चचं अंग गोड्या पाण्याने धुऊन, आठवडाभर वाळवून कधीकधी पुन्हा चालतं.

रोजच्या वापरानंतर टॉर्च बंद असतानाच १५-२० मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि पट्टी चार-पाच वेळा सरकवा, म्हणजे खाचेतलं मीठ सुटेल. सावलीत वाळवा. ओला टॉर्च उघडू नका, आट्यांतलं पाणी नेमकं सेलवर पडतं. अंदमानला किंवा लक्षद्वीपला विमानाने जाताना सेल टॉर्चमधून काढून, टोकांवर चिकटपट्टी लावून केबिन बॅगेत ठेवा. सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात चालत नाहीत.

पावसाळ्यात टॉर्च महिनोन्‌महिने पडून असतो. तेव्हा सेल बाहेर काढून ३.७-३.८ व्होल्टवर ठेवा, आणि झाकण एक-दोन आटे सैल सोडा, म्हणजे रिंग दबून चपटी होत नाही. नवा मोसम सुरू होताना दोन्ही रिंग बदला, दोन्ही मिळून फार तर वीस-तीस रुपयांचं काम. मग कोमट पाण्याची तीच चाचणी पुन्हा घ्या.